मला औषधं पाठ होती

ज्यांच्या घरी नुकतीच रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झालीय आणि सगळे एकमेकांकडे घाबरून बघताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, मी ठणठणीत आहे. सकाळी रामघाटाच्या पायऱ्या उतरतो, चढताना दोनदा थांबतो, पाठशाळेत चार तास बसतो आणि आमटीत मीठ कमी पडलं तर अजून भांडतो. तेव्हा पुढे काय झालं असेल या धास्तीनं वाचू नका, आरामात वाचा.

मी वेद शिकवतो. आमचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. बायको सुनंदा मंगला गौरीजवळच्या मराठी घरातली, म्हणजे माहेर हाक मारण्याच्या अंतरावर. एकुलती मुलगी मृणाल बँकेत आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते. रागावली की पूर्ण हिंदी.

दम

सुरुवात अशी झाली की एका श्वासात म्हणायची ओळ माझ्याच्यानं पुरी होईना. मधेच श्वास घ्यावा लागे. आधी म्हटलं थंडी आहे. मग म्हटलं धूर आहे. मग म्हटलं वय झालं. अठ्ठावन्न म्हणजे काही वय नव्हे, पण दुसरं कारण सापडेना. सुनंदा रोज म्हणायची, "अहो, दाखवून या." मी रोज म्हणायचो, "सोमवारी." असे बरेच सोमवार गेले.

शेवटी मृणालनं धरून नेलं. डॉक्टरीणबाई मृणालपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "बचपन में बुखार के साथ जोड़ सूजे थे?" सांधे सुजले होते तर! नवव्या वर्षी तीन महिने अंथरुणावर होतो. त्या तापानं हृदयाची एक झडप तेव्हाच धरली होती, म्हणे, आणि आता ती पार आखडली होती. बदलावी लागणार होती. छाती उघडून.

मी घाबरलो. सरळच सांगतो. पण तोंडातून निघालं काय, तर "पाठ म्हणता येईल ना?" बाई म्हणाल्या, "नहीं बदलेंगे तो नहीं कह पाएँगे." बाहेर बाकावर सुनंदा रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. मी तिला म्हणालो, "काही नाही गं, एक पार्ट बदलायचाय." ती म्हणाली, "तुमचं सगळंच बदलून देतात का विचारा." आणि मग रडली.

नाव काय?

ऑपरेशनचं मी काही सांगणार नाही, कारण मी झोपलेलो होतो. जागा झालो तेव्हा छातीत बारीक टिकटिक ऐकू येत होती. नवी झडप धातूची आहे, ती वाजते. सुनंदा म्हणते, घड्याळ गिळल्यासारखं वाटतं. पहिले पंधरा दिवस त्या आवाजानं झोप यायची नाही. आता तो ऐकू आला नाही तर यायची नाही.

वॉर्डातल्या एका गोष्टीनं मात्र माझं डोकं फिरायचं. सरोज सिस्टर गोळी द्यायला येवो, सुई टोचायला येवो, दर वेळी विचारणार, "आपका नाम?" मनगटावर पट्टी आहे, पलंगावर पाटी आहे, तरी "आपका नाम?" तिसऱ्या दिवशी मी भडकलो. "कल जो था, वही है!" ती मिर्झापूरकडची, जराही बिचकली नाही. म्हणाली, "पंडितजी, आपको तो पता है. मुझे पता होना चाहिए."

दुपारी वॉर्ड शांत असला की ती जरा टेकायची. एकदा मी विचारलं, एवढं सगळं तपासता, मग चूक होतच नसेल ना? ती हसली. म्हणाली, आधी एकच सिस्टर बघायची. मग चूक झाली, म्हणून दोघींच्या सह्या आल्या. आता पहिलीला वाटतं दुसरी बघेल, दुसरीला वाटतं पहिलीनं बघितलंच असेल. "तो फिर?" मी विचारलं. "तो फिर नाम पूछते हैं," असं म्हणून ती उठली. मला ते उत्तर तेव्हा अर्धवट वाटलं.

घनपाठ

आमच्या विद्येत चूक होऊ नये म्हणून पूर्वजांनी जबरदस्त बंदोबस्त करून ठेवलाय. घनपाठात शब्द सरळ म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा सरळ म्हणायचे. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. असं म्हटलं की एक अक्षरही निसटायला जागा राहत नाही. पुस्तक समोर नको. उलट, पुस्तक बघणारा तो कच्चा.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी औषधं समजावली. सकाळी पाण्याची, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी, एक आणि धडधडीची अर्धी, संध्याकाळी रक्ताच्या दोन. ही रक्ताची जन्मभर. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरणार, जास्त झाली तर रक्तस्राव होणार. त्यांनी विचारलं, "याद रहेगा?"

याद रहेगा? मला? मी ती औषधं घनात म्हणून दाखवली. पाण्याची-धडधडीची, धडधडीची-पाण्याची, पाण्याची-धडधडीची-रक्ताच्या-दोन, सगळं स्वरासकट. वॉर्डात हशा पिकला. शेजारच्या पलंगावरचे काका टाळ्या वाजवायला गेले आणि सलाइनची सुई दुखली म्हणून ओरडले. सरोज सिस्टरनं मोबाइलवर चित्रण केलं. मी खुशीत होतो.

घरी रोज संध्याकाळी संध्या आटोपली की मी पाटावर बसल्या बसल्या औषधं म्हणायचो आणि सुनंदा डब्यातून काढून हातावर ठेवायची. कागद कुठल्या तरी पिशवीत होता. चार महिने ताल चुकला नाही.

रंग बदललाय

मग एका तपासणीत बाईंना रक्त जरा घट्ट वाटलं. त्या म्हणाल्या, आता मोठी गोळी देते, दोनच्या जागी एकच घ्यायची. कमी गोळ्या, कमी गोंधळ, कमी चुका. त्यांनी कागदावर लिहिलं, तोंडी सांगितलं, मी मान डोलावली. माझं लक्ष कुठं होतं? तपासणीसाठी सकाळपासून उपाशी होतो आणि बाहेरच्या कोपऱ्यावर कचौडी तळली जात होती. वास खोलीपर्यंत येत होता. कचौडी खाल्ली, औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या, घरी आलो.

संध्याकाळी मी म्हणायला लागलो आणि सुनंदाचा हात थांबला. "अहो, गोळीचा रंग बदललाय."

"कंपनी बदलली असेल."

"कागद बघते एकदा."

"सुनंदा, बत्तीस वर्षांत माझा एक शब्द चुकलेला ऐकलायस?"

तिनं पुन्हा डब्यात हात घातला. दोन गोळ्या हातावर ठेवल्या.

नऊ दिवस हे चाललं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं, म्हटलं ब्रश नवा आहे. मांडीवर काळानिळा डाग उठला, म्हटलं घाटाच्या पायरीवर आपटलो असेन. कधी आपटलो ते आठवेना, तरी आपटलोच असेन असं ठरवलं. बघा, माणूस किती हुशार असतो.

दहाव्या दिवशी सकाळी पाठशाळेत शिकवताना नाकातून रक्त आलं. दहा मिनिटं धरलं, अर्धा तास धरलं, पंचा भिजला, थांबेना. गलीत गाडी येत नाही. विद्यार्थ्यांनी सुनंदाला बोलावून आणलं, मला खुर्चीत बसवून घाटावर उतरवलं आणि मोटारीच्या नावेतून अस्सीकडे नेलं, तिथून गाडीनं हॉस्पिटल. नावेत सुनंदानं माझं नाक धरून ठेवलं होतं, वाटेत एकदाही सोडलं नाही. नाववाला म्हणत होता, "कुछ नहीं होगा गुरुजी, महादेव बैठे हैं." मला खात्री वाटत नव्हती. लाटांकडे बघत मी मनातल्या मनात पाठ म्हणत होतो, तो शाबूत आहे ना ते बघायला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खून वाली कितनी ले रहे थे?"

मी रुबाबात म्हणालो, "दो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. खोलीत माझी टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

माझ्या हातानं

पाच दिवस ठेवून घेतलं. रक्त घट्ट करायचं इंजेक्शन दिलं, तेही बेतानं, कारण जास्त घट्ट झालं तर इकडे झडप अडकणार. दोन्हीकडे खड्डा आणि मधून चालायचं. बाई म्हणाल्या, नाकातून आलं हे नशीब समजा, डोक्यात झालं असतं तर वाचाही गेली असती. पाठ गेला असता. सरोज सिस्टर आली, "आपका नाम?" म्हणाली, तेव्हा मी मुकाट्यानं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

पण खरी जखम दुसरीकडेच झाली होती. सुनंदा पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "माझ्या हातानं दिल्या मी." मृणालनं समजावलं, बाईंनी समजावलं. मी काय केलं? मी म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं." मला वाटलं, मी तिला माफ करतोय! केवढा हा मोठेपणा.

घरी आलो आणि सुनंदानं औषधांना हात लावणं सोडलं. डबा कपाटावर. संध्याकाळ झाली की पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण गोळीचं नाव काढलं की हात पदराला पुसत उठून जायची. गोळी तर जन्मभर घ्यायची होती आणि बत्तीस वर्षांत तिच्याशिवाय मी धड चहासुद्धा घेतलेला नाही. ही अशीच दूर राहिली तर आपलं कसं व्हायचं, ही भीती मला ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

मृणालची व्यवस्था

मग आमच्या बँकवालीनं सूत्रं हाती घेतली. सात कप्प्यांचा डबा आणला. मोबाइलवर दोन गजर लावले. भिंतीवर तक्ता लावला. गोळी वाटीत काढायची, वाटीचा फोटो तिला पाठवायचा, तिनं तिकडून अंगठा दाखवला की तक्त्यावर सही करायची, मग गिळायची. मी म्हणालो, "एवढ्यात लग्न लागेल." ती म्हणाली, "बाबा, बहस नहीं. अब गलती का कोई चांस ही नहीं."

तीन आठवडे सुरळीत गेले. एका संध्याकाळी फोटो पाठवला तर फोन आला, "बाबा, फोटो हिल गया है, दुबारा भेजो." दुसरा काढला, त्यात माझा अंगठाच आला. तिसऱ्यात वाटीवर दिव्याची तिरीप. मग चष्मा शोधला. मग तिनं फोन कसा धरायचा ते शिकवलं. चौथा फोटो असा झकास आला की विचारू नका. तिकडून अंगठा आला, मी सही केली, दोघांनी फोनवरच एकमेकांची पाठ थोपटली आणि मी जेवायला बसलो.

सकाळी सुनंदानं हाक मारली. वाटीपासून हातभर लांब उभी होती. वाटीत गोळी तशीच.

मी इतका हसलो की छातीची शिवण दुखली. मृणालला फोन केला तर ती रडकुंडीला आली. "बाबा, एक स्टेप और जोड़ते हैं. गिळल्यावर उघड्या तोंडाचा फोटो."

टोकतं कोण?

तिघंही बाईंकडे गेलो. त्यांनी आधी सांगितलं की एक दिवस चुकल्यानं आभाळ कोसळत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. मग मृणालचा तक्ता शांतपणे बघितला. आपल्या टेबलावरचा एक फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्यावर सह्यांसाठी किती तरी चौकटी होत्या. म्हणाल्या, यातली एकेक चौकट एकेका चुकीनंतर आलीय. काही फार उपयोगी आहेत. काही आम्ही न बघताच भरतो. आणखी एक वाढवली म्हणून चूक संपत नाही, कधी कधी तिला लपायला जागा मिळते. मोठी गोळी चुका कमी व्हाव्यात म्हणून मीच दिली होती ना, असंही म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "घर में पंडितजी को टोकता कौन है?"

मला पाठशाळा आठवली. विद्यार्थ्याचा स्वर जरा हलला की मी तिथल्या तिथे थांबवतो. पण माझाच हलला तर? माझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती आहे? आमच्या विद्येत बदल म्हणजे चूक. बाईंच्या कागदावर केव्हाही बदल, तिथं न बदलणं ही चूक. आणि मी जुनाच पाठ बिनचूक म्हणत बसलो होतो.

सुनंदा खाली बघून म्हणाली, "मी टोकलं होतं." इतके दिवस तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. रंग बदलल्याचं नाही, कागद मागितल्याचं नाही. सगळा दोष पदरात घेऊन बसली होती.

मी बाईंकडे बघितलं. म्हणालो, "हो. हिनं टोकलं होतं. मी गप्प केलं. चूक माझी आहे, हिची नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. मृणाल माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू बाबांना ताप चढलाय.

बाई म्हणाल्या, "गलती आगे भी होगी, आपसे भी, मुझसे भी. बस टोकने वाले को चुप मत कराइए."

परतताना आम्ही मुद्दाम नावेनंच आलो. ऊन छान होतं, अहिल्याबाई घाटावर लोक अंघोळी करत होते. सुनंदा पाण्यात बोटं बुडवून बसली होती. मग म्हणाली, "मी देईन गोळ्या. पण मी 'कागद' म्हटलं की कागद. मी वेड्यासारखं विचारलं तरी. तुम्हाला शंभर टक्के माहीत असलं तरी."

मी म्हणालो, "कबूल."

"आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"हे जरा अवघड आहे," मी म्हणालो. नाववाला हसला, मग तीही हसली. त्या संध्याकाळी डबा कपाटावरून खाली आला. तक्ता अजून भिंतीवर आहे, मृणालचं मन राखायला. गजर एकच ठेवलाय. कागद आता देवघराशेजारी खिळ्याला टांगलेला असतो, आणि नवा आला की जुना मी स्वतः फाडतो. तुमच्याही घरी एवढं करा. मुख्य म्हणजे टोकणारं माणूस कोण ते बघा, आणि त्याला शेवटचं कधी गप्प बसवलंत ते आठवा.

गुरुवार

मागच्या महिन्यात गोळी परत बदलली. मंगळवारी आणि शनिवारी अर्धी, बाकी दिवस पूर्ण. गुरुवारी संध्याकाळी मी हात पुढे केला तर सुनंदा म्हणाली, "थांबा. आज अर्धी आहे."

आज पूर्ण होती. मला पक्कं माहीत होतं. भूक लागली होती, पानं मांडलेली होती आणि चष्मा वरच्या खोलीत होता. वर गेलो, चष्मा आणला, खिळ्यावरून कागद काढला आणि दोघांनी मिळून वाचला. गुरुवार, पूर्ण.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "उगाच जिना चढायला लावला."

"बघ, मी सांगत नव्हतो?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्या दिवशी ते बोललो असतो तर पुढच्या वेळी ती गप्प बसली असती, आणि पुढच्या वेळी कदाचित तिचंच बरोबर असेल.

मी म्हणालो, "बरं झालं विचारलंस," आणि गोळी घेतली.